उशीवरचा खळगा

शुरूक टीव्हीचा आवाज बंद करून बघते. सिनेमाच्या संस्थेत जायला लागली त्या पहिल्या महिन्यापासूनची ही खोड. आम्ही मालिकेत रंगलेल्या असायचो, नायिका हुंदके देत असायची, आणि ही रिमोट उचलून तिचा गळाच दाबायची.

"अगं, काय बोलतेय ते ऐकू तरी दे!" समोरच्या फ्लॅटमधली नवाल ओरडायची.

"काकू, बोलण्यावर जाऊ नका. ती बघतेय कुठे ते बघा. नवरा दारात उभा आहे आणि हिची नजर त्याच्या मागच्या दिरावर. चार भागांत घर फुटतंय बघा."

चार भागांत घर फुटायचंच. नवाल म्हणायची, "अफाफ, कॉफीच्या कपात बघून भविष्य सांगणारी बाई आता मला नको. तुझी पोरगी पुरे."

एकवीस वर्षांची, काडीसारखी मुलगी. जेवताना डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर वाजवते, म्हणजे पडद्यावरचं एक दृश्य किती सेकंद टिकलं ते मोजते. मलाही मोजायची. "आई, उत्तर द्यायला तीन सेकंद घेतलेस. खोटं बोलतेयस." मुलूखियाच्या पालेभाजीत लसूण जास्त पडलाय का, एवढंच विचारलेलं असायचं.

संस्थेत तिचं नाव घातलं ते हमदीच्या एका अटीवर. हमदी, माझा नवरा, नऊ वर्षं कुवेतला आहे. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर व्हिडिओवर येतो. तेव्हा त्याच्या मागे खिडकी असायची आणि खिडकीत समुद्राची निळी रेघ. त्या रेघेसमोर बसून त्याने बजावलं होतं, "शिकायचं ते वर्गात बसून. दुसऱ्यांनी केलेल्या कामाचा हवा तेवढा कीस पाड, उद्या प्राध्यापिका हो. पण चित्रीकरणाच्या जागी पाऊल टाकलंस असं कानावर आलं, तर त्या दिवशी नाव काढून कॉमर्सला घालीन."

तिने मान हलवली. हलवताना ती फोनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. हे मला तीन वर्षांनी आठवलं.

रमजानला तीन आठवडे उरले होते. गेल्या दोन महिन्यांत शुरूकची परत यायची वेळ बदलली होती. कधी चार, कधी सात. एका संध्याकाळी मी पावासाठी टोपली दोरीने खाली सोडत होते. आमचं घर पाचव्या मजल्यावर, गल्ली फैसल रस्त्याच्या पोटात. कोपऱ्यावर टायरवाल्याच्या दुकानाशी एक राखाडी गाडी थांबली आणि तिच्यातून माझी मुलगी उतरली.

गाडीवाला पन्नाशीचा. त्याने तिला पिवळं पाकीट दिलं. ती हसली. त्याने निरोपाला स्वतःच्या छातीवर हात ठेवला. गाडी गेली, तशी ती टायरवाल्याच्या पायरीवर बसली, पायांतले जाडजूड बूट काढून पिशवीत कोंबले, पिशवीतल्या सपाता पायांत घातल्या आणि घराकडे चालू लागली. ते बूट मी कधी पाहिले नव्हते.

"कशाने आलीस?"

"मायक्रोबसने. केवढी गर्दी होती गं!"

एक सेकंदही घेतला नाही. उत्तर घरी यायच्या आधीच तयार होतं.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आहे. एका कागदावर विश्वास ठेवायचा नसतो, हे तेव्हाच शिकले. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायला लागले. रविवार, चार चाळीस, राखाडी गाडी, पाकीट. सोमवार, सात पाच, गाडी, पाकीट नाही, गाडीवाल्याने तिला काहीतरी खायला दिलं, तिने घेतलं. मंगळवार, साडेसहा, गाडीतून उतरण्याआधी बराच वेळ आत बसून होती.

खाली जाऊन दरवानाला, अम्म बखीतला, विचारलं.

"मादाम, मला कुठे दिसतंय? मोतीबिंदू आहे."

"चौथ्या मजल्यावरची कोंबडी पळाली तेव्हा बरं दिसलं! दोन गल्ल्या धावलात तिच्यामागे."

"कोंबडीबद्दल बोललं तर कोंबडी रागावत नाही, मादाम." एवढं बोलून तो जिना पुसायला लागला. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

नवाल तर आपण होऊनच आली. तिचा नवराही हमदीसारखा कुवेतलाच. साखर मागायला, रिकामी वाटी घेऊन. "पन्नाशीचा आहे म्हणे. म्हणजे घरी बायको असणार. ही मालिका मी बघितलीय, अफाफ. शेवटी आईच रडते." साखर न घेताच गेली.

बुधवारी शुरूक अंघोळीला गेली आणि मी तिची वही उघडली.

*पलंग. डावी उशी दाबलेली, खळगा मोठा. त्याचं दुसरं बटण उघडं. सिगारेट अर्धी जळलेली. तिचे केस उजव्या कानामागे. चादर पायाकडे लोंबते.*

खाली लहानसे फोटो चिकटवलेले. विस्कटलेला पलंग. एका पुरुषाची उघडी कॉलर. अंगठी घातलेला त्याचा हात. दुसऱ्या पानावर तोच पलंग, तोच खळगा, वेगळी तारीख. तिसऱ्या पानावर पुन्हा.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. मी वही मिटली, होती तिथे ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन द्राक्षाच्या पानांच्या भातभरल्या गुंडाळ्या करत बसले. चाळीसेक गुंडाळल्या असतील, एकीतही भात भरला नव्हता. शुक्रवारी हमदी विचारणार होता, "मुलगी कशी आहे?" आणि मी जे तोंडातून काढीन त्यावर तिचं सगळं ठरणार होतं. लपवलं आणि उद्या काही झालं तर आयुष्यभर माझ्या माथी. सांगितलं तर तिचं शिक्षण तिथेच संपलं.

गुरुवारी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, वहीवरचं पेन आडवं होतं. आता उभं आहे."

मी उठले. कपाटातून कॅलेंडर काढलं आणि तिच्यापुढे टाकलं. तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली, मग खुर्ची ओढून बसली. रागावेल, रडेल, असं वाटलं होतं. ती वाचतच राहिली. एका ओळीखाली तिने नखाने रेघ ओढली.

"हे सगळं तू गॅलरीतून बघितलंस?"

"हो."

"मग ते कुठे लिहिलंयस? बघणारा कुठे उभा आहे हे आमच्याकडे आधी लिहितात. पाचव्या मजल्यावरून कुणीही चोरच दिसतं, आई. आणि आवाजही नाही."

"आवाज बंद करून बघायला तूच शिकवलंस!"

यावर तिला हसू आलं, पण ते अर्ध्यात थांबलं. "त्या पलंगावर कुणी झोपत नाही. तो मालिकेतला पलंग आहे. एकच प्रसंग तीन दिवस तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. सोमवारी उशीवर खळगा होता आणि बुधवारी नाही, असं झालं तर बघणाऱ्याला कळतं. त्याला नाही कळलं तरी खटकतं. सगळं कालच्यासारखं आहे ना, हे बघायचं काम माझं. म्हणून फोटो. पिवळ्या पाकिटातून तेच येतात."

"म्हणजे चित्रीकरणाच्या जागी जातेस."

"दोन महिने झाले."

"आणि बाबांना दिलेला शब्द?"

मी मोजले. पाच सेकंद.

"मोडला," ती म्हणाली. "वर्गात दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून कंटाळले होते. चूक व्हायच्या आधी पकडता येते, हे मला तिथे गेल्यावर कळलं."

खरं वाटलं का मला? नाही. ज्या तोंडाने मायक्रोबसची गर्दी सांगितली, त्याच तोंडाने हे सांगितलं होतं. मी डोक्याला रुमाल बांधला आणि म्हटलं, "चल. मी पण येते."

गाडीवाल्याचं नाव रगब; मालिकेच्या लोकांची ने-आण करायचा, सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. मला बघून त्याने पुढची सीट रिकामी करून दिली. "मादाम, तुमची मुलगी गाडीत शब्द बोलत नाही. फक्त हा आरशाला लटकवलेला मणी थोडा सरकला की विचारते, उस्ता, काल हा इकडे होता ना? मला माझ्याच गाडीत चोरासारखं वाटतं." मग मागे हात करून त्याने तिला तिळाची ताहिनी लावलेला पाव दिला. सोमवारी दिलं होतं ते हेच. तरी मी त्याच्या बोटात लग्नाची अंगठी आहे का ते बघून घेतलं. होती.

अगूझातल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये काम चाललं होतं. दारात इतक्या वायरी की ते जाड बूट का लागतात ते पहिल्या पावलात कळलं. ज्याची कॉलर फोटोत उघडी होती तो नट गळ्याला रुमाल बांधून डाळभाताची कोशरी खात बसला होता, शर्टावर टोमॅटो सांडू नये म्हणून. पोट सुटलेला, दमलेला माणूस. मला एका खोक्यावर बसवलं. मी कॅलेंडर आणलं नव्हतं, पण मोजायचं सोडलं नव्हतं. कोण तिच्याकडे बघतं, किती वेळ बघतं.

कुणीच बघत नव्हतं. शुरूक फोटो हातात धरून पलंगाशी गेली, उशीवर दोनदा मूठ मारली, एकदा कोपर दाबला, मागे सरून बघितलं आणि एक सुरकुती तळव्याने मोडली. घरी तिने कधी स्वतःचं अंथरूण नीट केलेलं नाही.

दिवे लागले. नटी पलंगावर बसली, चहाचा ग्लास उचलला, बोलायला तोंड उघडलं.

"थांबा!"

तो आवाज माझ्या मुलीचा होता. चाळीसेक माणसं थांबली.

"ग्लास डाव्या हातात होता."

"उजव्या," दिग्दर्शक म्हणाला.

"डाव्या. उजव्या हातात ओढणीची गाठ होती."

"पोरी, सूर्य चाललाय माझा खिडकीतून!"

तिची वरिष्ठ, पांढऱ्या केसांची मादाम फिक्रिया, पुढे आली, फोटो बघितला आणि नुसती भुवई उंच केली. ग्लास डाव्या हातात गेला. पुन्हा सुरुवात झाली. कुणी तिला शाबास म्हटलं नाही, आणि तीही वाट बघत थांबली नाही. मला माझ्या ओठावर दात रुतलेले जाणवले.

परत येताना मी विचारलं, "गाडी कोपऱ्यावर का थांबते?"

"मीच सांगितलं. दारात नको म्हणून."

"कोपऱ्यावर थांबते म्हणूनच सगळ्यांनी बघितलं."

शुक्रवारी जेवणाचं टेबल तिच्या कागदांनी भरलेलं होतं. पिवळं पाकीट, फोटो, टेबलाखाली बूट. फोनची वेळ झाली तशी मी पाण्याच्या बाटलीला फोन टेकवला, आणि शुरूकने तो उचलून जरा डावीकडे वळवला. आता मागे फक्त पडदा दिसत होता.

"बाबांना सांगणारेस?"

"विचारलं तर."

ती म्हणाली, "आई, बाबांच्या मागे आधी खिडकी होती. समुद्र होता. दोन वर्षं झाली, नुसती पिवळट भिंत. आणि मागे कुणीतरी खोकतं. दर शुक्रवारी."

ते मी तिच्या आधी बघितलं होतं. कंपनीने दोन खोल्यांचं घर दिलंय असं तो सांगायचा, आणि मी त्या भिंतीकडे बघून हो म्हणायचे. रात्री पडल्यावर मी त्या भिंतीमागे काय काय उभं केलं होतं ते मुलीला कसं सांगणार? बहुतेक वेळा एक बाई असायची.

फोन वाजला. हमदी, मागे भिंत.

"नवालचा नवरा मशिदीत भेटला," तो सलाम झाल्या झाल्या म्हणाला. "कुठल्या तरी गाडीचं बोलत होता. शुरूक कुठाय? अफाफ, जरा फोन फिरव. घर दाखव मला."

फोनच्या कडेला उभी असलेली शुरूक पांढरी पडली. मी हात पुढे केला आणि मधेच थांबले.

"फिरवते. आधी तू तुझा फिरव."

"माझ्याकडे काय बघायचंय?"

"भिंतीच्या समोर जे असतं ते."

यावेळी मी मोजलं नाही. शुरूकची बोटंही थांबली होती. मग चित्र हललं, छत दिसलं, आणि हळूहळू खोली आली. लोखंडी पलंग, एकावर एक. दोरीवर पुरुषांचे बनियन. जमिनीवर एका शेगडीवर मसूर शिजत होते. खालच्या पलंगावरचा म्हातारा उठून खोकला.

"दोन वर्षं," हमदीचा आवाज आला. "कंपनीने ते घर काढून घेतलं. सांगणार होतो."

मी फोन उचलला आणि टेबलावरून फिरवला. पाकीट. फोटो. मग खाली, बूट. शुरूक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, मी चित्रीकरणाला जाते. उशी कालच्यासारखी ठेवायचं काम माझं."

तिकडे कुणीतरी वरच्या पलंगावरून डोकं खाली लोंबवलं. "कुठली मालिका? रमजानला येणारेय का? नट कोण?"

"तू गप रे!" हमदी ओरडला. मग बराच वेळ बनियनच दिसत होते. शेवटी त्याने फोन परत स्वतःकडे वळवला. डोळे पुसलेले दिसत होते.

"गाडी कोण चालवतो?"

"उस्ता रगब. मी स्वतः बसून आले."

"कोपऱ्यावर का थांबतो?" तो म्हणाला. "दारात सोडायला सांग त्याला. सगळ्या गल्लीला दिसू दे."

काल गाडी दारात थांबली. अम्म बखीतने उठून तिचं दार उघडलं, मोतीबिंदू असून. शुरूक बूट घालूनच उतरली आणि वर बघून हात हलवला. नवाल तिच्या गॅलरीत होती, तिनेही बघितलं.

पण मागच्या सीटवर आणखी कुणीतरी बसलं होतं. पाचव्या मजल्यावरून गुडघे तेवढे दिसले. तरुण माणसाचे वाटले. कॅलेंडरवर मी तारीख घातली, वेळ घातली, आणि यावेळी सगळ्यात वर लिहिलं, गॅलरीतून. उद्या खाली जाऊन उभी राहणार आहे.