अण्णांनी बटण सोडलंच नाही

मंडळी, आज दुपारी आमच्या नाशिक रोडच्या घरात जळका वास सुटला आणि माझी उरलीसुरली उमेदही गेली.

माझे वडील, अण्णा, रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढून गाड्यांचे रूळ बदलायचे. हल्ली त्यांना फारसं आठवत नाही, म्हणून मी टेबलावर छोटी मॉडेल रेल्वे मांडली. रूळ बदलणाऱ्या कॉइलला साधा स्विच चालत नाही, करंट चालू राहिला की ती जळते. म्हणून विचार करून डोअरबेलचं बटण निवडलं. दाबलं की लगेच सोडायचं.

अण्णांनी ते दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"अण्णा, सोडा ना."

"गाडी पूर्ण पास झाल्याशिवाय हात काढायचा नसतो," ते म्हणाले.

धूर निघाला. मी ओरडून त्यांचा हात ओढला. त्या हिसक्यानं टेबल हललं आणि इंजिन रुळावरून उतरून आडवं पडलं.

तेव्हापासून ते एकच विचारताहेत, "कुणाला लागलं का रे?" नाही म्हटलं तरी पटत नाही.

दाबून ठेवलं तरी करंट आपोआप तोडणारं बटण कुणाला माहीत असेल तर सांगा. उपयोग होईल असं वाटत नाही. अण्णा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेत.