दुसरा घास

दिव्यांग मुलांना घरी किती मदत लागते, हे ठरवायचं काम बाईंकडे होतं. वर्षानुवर्षं तेच करून त्यांचं मन निबर झालं होतं. समोर कुणी रडायला लागलं की रडणं आटपेपर्यंत त्या पेनाचं टोपण काढत-घालत बसायच्या. जावयाची होणार नाही अशी सरबराई त्यांची व्हायची, आणि तिथेच घोळ व्हायचा. बाई येणार म्हणून घराबरोबर पोरांचीही आवराआवर व्हायची. एरवी घरादाराला जेरीस आणणारं पोर त्या दिवशी भांग पाडून, शहाण्यासारखं बसलेलं. मग मदत कापली जायची.

त्या दिवशीची मुलगी नऊ वर्षांची. तिला बोलता येत नव्हतं, कान मात्र तिखट. आंघोळ, कपडे, कूस बदलणं, सगळं आई आणि सरकारी मदतनीस मावशी मिळून करायच्या. मावशी राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं.

"आता चमच्याने स्वतः जेवते," आई म्हणाली. "महिनाभर घाम गाळलाय आम्ही दोघींनी."

"अहो, मला चांगला दिवस नको. वाईटातला वाईट दिवस सांगा," बाई म्हणाल्या. "स्वतः जेवते असं लिहिलं, तर मावशी बंद होतील."

"तिला काय काय येत नाही, ते तिच्यासमोर नाही सांगणार मी." आईने वाटी पुढे ठेवली. "बघा तुम्हीच."

पहिला घास नीट तोंडात गेला. आईचा चेहरा फुलला. बाईंनी पेन टेकवलं. मुलीने दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं, मग पेनाकडे. दुसरा घास थेट मांडीवर सांडला. तिसराही.

"अगं, काल तर जमत होतं," आई म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मावशी राहतील," बाई म्हणाल्या.

आईला आनंद झालेला दिसला नाही. ती फडकं आणायला आत गेली, मावशीही मागोमाग गेल्या.

चपला घालताना बाई सहज वळल्या. मुलीने चमचा भरला, तोंडात घातला. कणही सांडला नाही. ती बाईंकडे बघतच चावत राहिली. पूर्वी अशा वेळी बाईंना भरून यायचं. आता काहीच आलं नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

आई फडकं घेऊन आली, तोवर चमचा खाली गेला होता.

"पुन्हा शिकू हं आपण," मांडी पुसत ती लेकीला म्हणाली.

"येते मी," बाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.