शिट्टीच्या बाबांचे कान

शिट्टीला राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या लॉन्ड्रीत सगळे म्हणायचे. ते खोटं आहे. कारण लागायचं, फक्त ते इतरांच्या नजरेस पडायचं नाही.

आमची लॉन्ड्री म्हणजे एका मोठ्या इस्पितळाचं तळघर. वर माणसं बरी होतात किंवा होत नाहीत, खाली त्यांच्या चादरी येतात. सहा धुलाई मशीनं, दोन ड्रायर आणि खोलीभर लांब इस्त्रीचा रोलर. त्याच्या तोंडातून चादर बाहेर आली की एक टोक माझ्या हातात, एक शिट्टीच्या. ओढायची, घडी घालायची, ठेवायची. बारा वर्षं आम्ही दोघी अशा समोरासमोर उभ्या. त्या धडधडीत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, सगळ्या खुणांनी बोलतात. ही मात्र गायची, आणि तिचा आवाज सगळ्या मशीनांच्या डोक्यावरून पार पलीकडच्या दारापर्यंत जायचा. म्हणून शिट्टी. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात.

गाणं तिला बाबांनी शिकवलं. ते याच इस्पितळाच्या बॉयलरवर होते. तिथल्या आवाजाने तीस वर्षांत त्यांचे कान खाल्ले. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त. ही गोष्ट घडली त्याच्या अकरा वर्षं आधी त्यांनी स्वतःच्या पगारातून कानाचं मशीन घेतलं आणि त्या दिवसापासून लेकीच्या चुका काढायचं काम पूर्णवेळ हाती घेतलं. मी त्यांच्याकडे जेवायला गेले की हे ठरलेलं. ती स्वयंपाकघरात गुणगुणायची आणि बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "दुसऱ्या ओळीला घसरलीस!"

"तुम्ही पेपर वाचा, बाबा!"

"वाचतोच आहे. पेपर डोळ्यांनी वाचतात."

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती गेली तीही रागानेच. एका संध्याकाळी कुठलीशी मुलगी बेसूर गायली आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. शिट्टी म्हणाली, "हिच्यासाठी उभे राहतात, तर माझ्यासाठी खुर्चीवर चढतील." दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. बत्तीस वर्षांची होती. पहिली फेरी निघाली, दुसरीही निघाली, आणि मग लॉन्ड्रीत गोष्टीवाली आली.

हे नाव आम्ही ठेवलेलं. प्रत्येक स्पर्धकाची गोष्ट शोधून तिची छोटी फिल्म बनवायची, एवढंच त्या बाईचं काम. गोड बोलायची, हातात फाइल.

"घरी काही दुःख?" तिने शिट्टीला विचारलं.

"नाही."

"लहानपणी काही? मार, आजारपण, कोणी सोडून गेलं?"

"अहो, मी चादरी धुते आणि मला गाणं येतं. पुरे की."

"पुरत नाही ना," गोष्टीवाली हसून म्हणाली.

शिट्टीकडे काही मिळालं नाही म्हणून ती बाबांकडे गेली, एकट्यांकडे, दुपारी. तिथून माझ्याकडे आली. मला म्हणाली, "तुम्ही एवढंच म्हणा, की बाबांनी तिचं गाणं कधीच ऐकलेलं नाही. म्हणजे स्टेजवर हो. खरंच आहे ना ते?"

खरंच होतं. स्टेजवर ती याआधी कधी गायलीच नव्हती; पहिल्या दोन फेऱ्या बंद खोलीत झाल्या होत्या. मी केस सारखे केले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "बाबांनी तिचं गाणं कधीच ऐकलेलं नाही." उजेड नीट नव्हता म्हणून तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, देव जाणे. सगळे म्हणाले, छान. आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

उपांत्य फेरी थेट दाखवायची होती. मी आणि बाबा पुढच्या रांगेत. बाबांच्या कानात मशीन नव्हतं. मी खुणेने विचारलं, तर त्यांनी गोष्टीवालीच्या पर्सकडे बोट दाखवलं. तोवर पडद्यावर फिल्म सुरू झाली. बॉयलर, धूर, खिडकीत गप्प बसलेले बाबा, मग माझं तोंड आणि माझं ते वाक्य. 'स्टेजवर' कुठेच नाही. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, "एका बापाने आपल्या लेकीचा आवाज जन्मात ऐकलेला नाही. आज तो ऐकणार आहे!" सुटातला एक माणूस मखमली डबी घेऊन आला, कुठल्याशा कंपनीचा. डबीतून नवंकोरं मशीन काढून बाबांच्या कानात घातलं. सभागृह हुंदके द्यायला लागलं.

शिट्टी माइक धरून उभी. तिला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा तो रंग मी बारा वर्षं ओळखते. पण वाद्यं सुरू झाली होती. ती गायली. दात आवळून गायली, आणि लोकांना वाटलं भावना अनावर झाल्यात. मतांचा नुसता पूर आला.

मागच्या खोलीत, आरशांच्या दिव्यांखाली, तिने आधी बाबांना धरलं. "मशीन का काढलंत?"

बाबांना अर्धंच ऐकू गेलं. ते नवीन मशीन त्यांच्या कानाला जुळवून घेतलेलंच नव्हतं, त्यात नुसती शूं-शूं. तिला ओरडून परत विचारावं लागलं.

"बाई म्हणाल्या, तुझं भलं होईल," बाबा बुटांकडे बघत म्हणाले.

"आणि अकरा वर्षं माझ्या चुका कोणी काढल्या? बहिऱ्याने?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि ताई, तू! आमच्याकडे जेवायला यायचीस ती कोण होती मग?"



गोष्टीवाली दारात होती. "एवढं चिडण्यासारखं काय आहे? तू अंतिम फेरीत गेलीस."

"मी नाही गेले. तुम्ही माझ्या बापाला बहिरा करून मला ढकललंत."

पुढचा आठवडा वाईट गेला. रस्त्यावर लोक बाबांच्या तोंडाजवळ येऊन एकेक शब्द सुटा करून ओरडायचे, "कसे! आहात! काका!" शेजारीण हातवारे करायची. त्यांनी कानातलं जुनं मशीन दाखवलं तर म्हणायची, "नशीब काढलंत हो, केवढी भेट मिळाली!" बाबांनी पेपर आणायला जाणं सोडलं. लॉन्ड्रीत शिट्टी माझ्याशी बोलेना. चादर अशी ओढायची की माझ्या हातातून टोक निसटायचं. ते उचलून मी पुन्हा उभी राहायचे. बोलायला तोंड होतं कुठे मला?

अंतिम फेरीत पहिलं गाणं झाल्यावर सूत्रसंचालक बाबांसमोर माइक घेऊन गेला. "काका, आता लेकीचा आवाज ऐकून कसं वाटतं?"

"थांबा," शिट्टी स्टेजवरून म्हणाली. "त्यांना अकरा वर्षं ऐकू येतंय. मशीन त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं. तुमच्या माणसांनी ते काढून पर्समध्ये ठेवलं. मला गाणं बाबांनी शिकवलंय, तुमच्या डबीने नाही."

सूत्रसंचालक हसला. जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा पाचांत पाचवा नंबर तिचा होता.

मग वाहिनीची नोटीस आली: करार मोडला, वर्षभर दुसऱ्या कुठल्या वाहिनीवर गायचं नाही. पेपरांनी तिला उद्धट म्हटलं, कृतघ्न म्हटलं. एकाने लिहिलं, 'खोट्याची मतं घेऊन अंतिम फेरीपर्यंत गेली, मग खरं आठवलं.' हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं. ती उपांत्य फेरीच्या रात्रीच बोलू शकली असती. ती गायली होती.

ती रोलरवर परत आली आणि त्या वर्षात तिने पहिल्यांदा स्वतःचं गाणं रचलं. ओढ, घडी, ठेव, असा चादरींचा ठेका. वर बाबांच्या तोंडचे शब्द: जोरात बोलू नका, मला ऐकू येतं. गोड त्यात काहीच नव्हतं. बाबांनी त्यातल्या चुका काढल्या, तिने निम्म्या ऐकल्या.

आठ महिन्यांनी एका सकाळी तिने माझ्यासमोर कागद ठेवला. "मागे गायला बायका हव्यात. नव्या गाण्यांची दुसरी एक स्पर्धा आहे, नोटीस संपल्यावर. तुझा आवाज बरा आहे."

"शिट्टी, मी त्या दिवशी..."

"माफ केलेलं नाही. गाणार का, ते सांग."

मी हो म्हणाले.

त्या स्पर्धेत कोणाच्या घरच्या फिल्मा नव्हत्या. तीन मिनिटं, गाणं म्हणा, खाली उतरा. आम्ही लॉन्ड्रीतल्या चार बायका तिच्या मागे कामाच्या कपड्यांत उभ्या राहिलो आणि हात बडवून ठेका धरला. शेवटी ती ज्या आवाजात ओरडली, तो मला मशीनांशिवाय कधी ऐकायला मिळाला नव्हता. आमचा दुसरा नंबर आला. पहिलं आलेलं गाणं आज कोणाला आठवत नाही. आमचं गाणं बसमध्ये वाजलं, शाळेच्या मैदानांवर वाजलं, इस्पितळाच्या लिफ्टमध्येसुद्धा वाजलं. महिन्याभरात तिने नोकरी सोडली.

आता ती मोठ्या सभागृहांत गाते. लोक तिला भांडखोर म्हणतात, आणि ती आहेच. ध्वनिमुद्रणाच्या कंपनीने सांगितलं, पुढचं गाणं जरा प्रेमाचं करा. तिने त्यांच्या साहेबालाच त्याच्या केबिनबाहेर काढलं. तो अल्बम अजून रखडलाय. वादक टिकत नाहीत. बाबा मात्र पुन्हा रोज सकाळी बाहेर पडतात, आणि कोणी कानाशी येऊन ओरडलं तर त्याच्यापेक्षा जोरात ओरडतात.

मी तिच्या मागे चार कार्यक्रमांत गायले, मग गुडघ्यांनी नको म्हटलं. माफीचं तिने पुन्हा काढलं नाही, मीही नाही. गेल्या महिन्यात लॉन्ड्रीत फोन आला. मागे मशीनं चालू. ती तिकडून ओरडली, "ताई, शनिवारी कार्यक्रम आहे. पुढच्या रांगेत नको बसूस, मला तुझं तोंड दिसतं. मागे बस."

मी मागे बसले.