झील धरणारा

अमडापूरला आमच्या घराला लागून कचरू इंगळे यांचं घर. एरवी ते मिस्त्रीकाम करत आणि भीमजयंतीच्या दिवसांत गायनपार्टी घेऊन गावोगाव जात. गाणी स्वतः रचत. पेटीवर ते बसत, मुलगी दीपमाला ओळ टाकायची आणि तिचा थोरला भाऊ प्रसेनजित झील धरायचा, म्हणजे तिची ओळ संपताच पुढची ओळ उचलायचा. कचरूंचा नियम एकच होता: ओळ टाकणाऱ्यानं झील म्हणायची नाही, थांबायचं. "समोरच्याले जागा सोडत जा," असं ते पोरांना सांगत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कचरू झोपेतच गेले. जयंतीचे कार्यक्रम आधीच घेतलेले होते. दीपमालानं एकही रद्द केला नाही; पेटीला दुसरा माणूस गाठला आणि गायला गेली. प्रसेनजितनं चिखलीत एका साउंडवाल्याकडे काम धरलं.

"बाप जाऊन महिना नाही झाला, अन् हिले स्टेज सुचते," तो आईला म्हणाला.

"अन् तो पेटीकडं पायतही नाही," दीपमाला म्हणाली. "त्याले बाप लवकर सुटला."

त्यांची आई भिमाबाई दोघांचं ऐकून घ्यायच्या. पुढं तो कधीतरी येई, जेवून निघून जाई. तो घरात असला की दीपमाला रियाज बंद ठेवी.

वर्षभर ती सगळी गाणी गायली. वडिलांनी दारच्या निंबावर रचलेलं गाणं तेवढं तिनं ठेवून दिलं. त्याची झील दादानंच धरायची, असं तिनं ठरवलं होतं.

वर्षश्राद्ध त्यांच्यात नसतं. पुण्यस्मरणाला बुद्धवंदना, जेवण आणि संध्याकाळी गाणी होती. साउंड प्रसेनजितनंच आणला.

"दादा, दोन माइक लाव."

"दुसरा कोनाले?"

"तुले."

तो वायर सोडवत राहिला. शेजारच्या जनकाबाई म्हणाल्या, "काऊन रे, दुनियेच्या वरातीत धिंगाणा घालतं, अन् बापासाठी तोंड शिवलं का?"

तो हसला नाही. पण थोड्या वेळानं दुसरा माइक उभा राहिला. दीपमालानं तो पाहिला आणि पदर नीट केला.

"दारी निंब आहे उभा..." तिनं ओळ टाकली आणि थांबली.

दुसऱ्या माइकसमोर कोणी नव्हतं. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. "इसरली वाटते पोरगी," मागं कोणी कुजबुजलं. तेवढ्यात स्पीकरमधून तिचाच आवाज परत आला. उभा... उभा... प्रत्येक वेळी बारीक होत गेला. मी मिक्सरजवळच बसलो होतो. प्रसेनजितचा हात इकोच्या बटणावर होता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बटणाकडे बघत होता. आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबली. मग पुढची ओळ तिनंच म्हटली: "सावलीला बसले कोण?" प्रसेनजितनं इको हळूच खाली आणला. गाणं तिनं एकटीनं पुरं केलं.

सामान भरताना त्यानं दुसरा माइक आधी काढला.

"येतो मा," तो भिमाबाईंना म्हणाला.

"दीपीले सांगून जाय."

"सांग तूच."

दीपमाला आता ते गाणं सगळीकडं गाते. दोन्ही ओळी तिच्याच असतात. मध्ये थांबत नाही.