गणपतीच्या पोटातल्या कविता

आमच्या मूर्तींच्या कारखान्यात कितीही झाडा, पांढरी धूळ पुन्हा साठतेच. आम्हा कवी मंडळींच्या किश्श्यांचं तसंच आहे. मंडळी म्हणजे तिघेच! रोह्याचा नामदेव, कंपनीतून रिटायर झालेला. खाडीकाठच्या यमुनाबाई, त्यांचा जन्म मिठागरात गेला. आणि पेणजवळच्या जोहे गावचा मी, गणपतीचे डोळे आखणारा, शाळा चौथीपर्यंत.

*

नामदेवला नवी कविता झाली की लगेच फोन. फोन कान-खांद्यात धरून मी डोळे आखत राहतो. एकदा त्याने मेलेल्या बैलावरची कविता ऐकवली. त्या दिवशी तीन गणपतींचे डोळे रडवेले उतरले! मी ते बाजूला ठेवले, तर पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "हाच द्या. माझं ऐकतोय असा वाटतो."

नामदेवला सांगितलं. तो म्हणाला, "अजून दोन कडवी हायत, ऐक!"

*

एकदा त्याने 'निळी खाडी' लिहिली. यमुनाबाईंनी विचारलं, "नामदेवा, खाडीत उतरलायस कधी?"

"नाय."

"मग निळी कोणी सांगितली रे तुला?"

दुसऱ्या दिवशी पँट दुमडून हा खाडीत उतरला. एक चप्पल तिथेच राहिली. नवी कविता नुसती चिखलाची! यमुनाबाई म्हणाल्या, "वाहवा! आता कशी पायाला लागली!"

*

मी स्वतः लिहितो हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं. मूर्ती आतून पोकळ असते, तिथे पेन्सिलीने लिहायचो. विसर्जनाबरोबर कविताही जायची. एका वर्षी नामदेवने गणपती नेताना मूर्ती आडवी धरली. लगेच आला फोन! "अरे, तू कवी! बाप्पाच्या पोटात लपून बसलायस व्हय?"

तेव्हापासून तो कारखान्यात येऊन मूर्ती उलट्या करकरून बघतो. माझी सून म्हणते, "काका, लोक तोंड बघून गणपती घेतात!"

"मी पोट बघून घेतो गो!"

*

रोह्याच्या कार्यक्रमात दोघांनी मला ढकलून माईकपाशी उभं केलं. "नमस्कार" म्हणालो आणि पुढची कविताच विसरलो. नामदेव ओरडला, "वाहवा! पुन्हा एकदा!"

मी पुन्हा "नमस्कार" म्हणालो आणि खाली बसलो. यमुनाबाई म्हणाल्या, "दुसरा जास्त रंगला."

*

गेल्या वर्षी माझी इंदू गेली. कारखान्यातले रंग तीच कालवायची. तिच्यावरची कविता मी एका मूर्तीत लिहिली. नामदेवने नेमकी तीच मूर्ती नेली आणि कविता वहीत उतरवून घेतली. म्हणाला, "ही पाण्यात नाय जायची. लोकांसमोर म्हण."

"माझ्याच्याने नाय होणार."

मग पेणच्या कार्यक्रमात तोच वही घेऊन उभा राहिला.

"निळा तू कालवलास..."

मी खुर्चीतूनच म्हणालो, "पिवळा!"

"मी नुसता ब्रश धुतला..."

"ब्रश फिरवला रे!"

पुढच्या ओळीत तर त्याने माझ्या बायकोचं नाव शांता केलं! मी उठलो. त्याच्या हातातला माईक ओढून घेतला आणि अख्खी कविता पहिल्यापासून म्हणालो, इंदूच्या नावासकट. यमुनाबाईंचा पदर डोळ्यांना होता.

खाली उतरल्यावर मी नामदेववर चिडलो. "समोर वही धरून चुकतोस?"

"चष्मा घरी राहिला रे," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या नाकावर होता.