वाढलेला हँडिकॅप

आमचे हे न्हावी. गावाबाहेरच्या मैदानावर गोल्फ खेळतात म्हटलं की लोक हसतात. हसा! लग्न झालं तेव्हा मीही हसले होते. पण दुपारी दुकान बंद झालं की हे जुन्या काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवून निघायचेच.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकला. कच्चा गडी पक्क्यासमोर टिकावा म्हणून त्याच्या एकूण फटक्यांतून काही वजा करतात. ती सवलत म्हणजे हँडिकॅप. शेवटच्या वीस खेळांतले चांगले आठ निवडून तो काढतात. ह्यांचा नऊ होता. वर्षभरात चौदावर गेला, कारण ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांच्या गोळीनं सकाळी हात ताळ्यावर असायचा, दुपारी पुन्हा तेच. म्हणून वस्तरा फक्त सकाळी. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. न्हाव्याचा हात थरथरतो म्हटल्यावर गळा कोण पुढे करेल?

मैदानावरच्या वार्षिक कपाचा सामना नेमका सकाळी लागला. हे असे खेळले, असे खेळले की मला रडू फुटलं. वर चौदाची सवलत. कप आमचा!

चहाच्या वेळी मैदानाच्या कमिटीवरचे, आमच्या शाळेचे हेडमास्तर उठले. रोज सकाळी ह्यांच्याकडे दाढी करून घेणारा माणूस! "वर्षभर मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवलास आणि आज खरा खेळ काढलास. शुद्ध लबाडी आहे ही. कप ठेव इथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तर ह्यांनी माझा हात दाबला आणि मान खाली घालून म्हणाले, "हो सर. चुकलो."

घरी येऊन मी भांडी आपटली. "न केलेली चोरी कबूल करता? जीभ झडली होती का?"

"खरं सांगितलं तर दुकान बंद पडेल. लबाड तर लबाड, म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर हजर! काही झालंच नाही अशा थाटात खुर्चीत बसले, मान मागे टाकली. "लबाड आहेस, पण तुझ्या हातावर आपला भरवसा आहे बाबा."

ह्यांनी साबण लावला, वस्तरा उघडला. गोळी घेतली होती, पण रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. पातं हलायला लागलं. मी मागे टॉवेलांच्या घड्या घालत होते, तिथूनच मला दिसलं.

ह्यांनी वस्तरा मिटून ठेवला. "सर, उठा. माझा हात थरथरतो. वर्ष झालं. दुपारी तर फारच."

हेडमास्तर आरशात बघत राहिले. दुपारचे खेळ, सकाळचा कप, सगळं डोक्यात शिरलं असणार. "अरे, मग काल बोलला का नाहीस?"

"हे बोलले असते, तर तुम्ही आज इथे बसला असतात?" मी म्हणाले आणि टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला. "पुसा तोंड!"

संध्याकाळी मैदानाचा शिपाई कप घेऊन आला. हँडिकॅपही होता तेवढाच राहील म्हणाला. हेडमास्तर मात्र आता रोज समोरच्या न्हाव्याच्या दुकानात बसतात, मान मागे टाकून. आमच्या काचेतून सगळं दिसतं. मेल्यांनो, कप घेऊन काय चाटू?