काच काढलेला फोटो

सातपाटीच्या शाळेत माझी बायको दुसरीचा वर्ग शिकवायची. मे महिन्यात ती गेली. जूनमध्ये तिची नवी नोंदणी झाली.

हे मला कळायला निमित्त झाली तिच्या एका विद्यार्थिनीची आई. बोंबील वाळत घालता घालता ती म्हणाली, "सर, आमची पोरा नुसती बसून हायेत. नवीन बाई येनार हाय का नाय?"

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक आदराने उठून उभे राहिले. सगळ्या शिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची पोर्टलवर नोंदणी करायची होती. प्रमाणपत्रं आणि शेवटी चेहऱ्याची पडताळणी. एक जरी नाव राहिलं तरी पोर्टलवर शाळा लाल दिसते, असं त्यांनी सांगितलं.

"मॅडमचं नाव काढायचं बटण माझ्याकडे नाही, सर. ते तालुक्याला. आणि वरून रोज फोन. शेवटी..." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे तिचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. "काचेवर उजेड चमकत होता, पोर्टल चेहरा घेत नव्हतं. काच काढली, हार बाजूला केला, लगेच घेतलं. मॅडमचा फोटोच तसा प्रसन्न."

आयुष्यभर तिचा एकही फोटो चांगला आला नव्हता. पोर्टलला आवडला, हे ऐकून बरं वाटलं.

शाळा हिरवी झाली. आता तिची जागा भरलेली असल्याने नवीन शिक्षिका मिळणार नव्हती.

पालघरच्या तालुका कार्यालयात कारकुनाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम सक्रिय आहेत."

"त्या वारल्या."

"असतील, पण पडताळणी त्यानंतरची आहे. नुसता मृत्यूचा दाखला जोडला तर चौकशी लागेल, तुमचे मुख्याध्यापक घरी बसतील." मग त्याने आवाज खाली आणला. "त्यापेक्षा मॅडमनीच अर्ज करावा. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येईल."

तिचा फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्जही करत होतो. का, ते पोर्टलने विचारलं नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

घरी येऊन तिच्या नावाने आत शिरलो. सेवा सोडण्याचं कारण: मृत्यू. खाली चौकट होती, 'वरील माहिती मी स्वतः वाचली असून ती सत्य आहे.' कुठलाही कागद न वाचता सही करणाऱ्यांवर ती चिडायची. म्हणून मी ते वाक्य मोठ्याने वाचलं, थोडा थांबलो आणि टिचकी मारली. फोन वाजला. आकडे भरले. 'आपल्या सेवेबद्दल धन्यवाद,' असा संदेश तिला आला.

दिवाळीनंतर दुसरीला नवीन बाई आल्या. बोईसरहून येतात, पोरांना आवडतात. मी फोटोला काच बसवायला गेलो, तर मुख्याध्यापक संकोचून म्हणाले, "राहू द्या ना सर. पुढच्या वर्षी परत नोंदणी आहे."

मी काच बसवली. खिळे जरा जास्तच ठोकले.